रंग दिला तरी बुरशी त्याच जागी परत येते? भिंत आतून अजून ओली आहे

घरात पाणी शिरून गेलं. गाळ उपसला, फरशी घासली, आठ-दहा दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. भिंती हाताला कोरड्या लागायला लागल्या तशी पुट्टी भरून रंग देऊन घेतला. महिना-दीड महिन्यात कपाटामागे, पलंगाच्या उशाशी, स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीवर काळे-हिरवे ठिपके दिसायला लागले. पुसून काढले. पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच. मग कुणी ब्लीच सांगतं, कुणी व्हिनेगर, कुणी 'बुरशीरोधक' रंगाचा महागडा डबा आणायला लावतं. तेही सगळं करून झालं तरी ठिपके आपले ठरलेल्या जागी हजर.

माझ्या घरात हा प्रकार तीनदा झाला. तिसऱ्यांदा रंगाऱ्याला फोन करण्याआधी मी कपाट पूर्ण बाहेर ओढलं आणि छन्नीने स्कर्टिंगची एक टाइल उचकटली. तिच्या वरची भिंत बोटाला कोरडी होती, रंग टणक होता. टाइलच्या मागचा गिलावा मात्र भिजलेल्या खडूसारखा नखाने सुटत होता आणि टाइलच्या पाठीवर काळपट, बुळबुळीत थर होता. पाणी ओसरून तेव्हा चार महिने झाले होते. म्हणजे मी दोनदा पुट्टी भरली ती ओल्या भिंतीवर, आणि त्या ओलीला बाहेर पडायला जी काही वाट होती तीही रंगाने बुजवून टाकली.

म्हणून या लेखात बुरशी पुसण्याबद्दल कमी आहे आणि पाणी शोधण्याबद्दल जास्त. ज्यांच्याकडे बुरशी एकदाच आली, पुसली आणि गेली, त्यांना याची गरज नाही. परत परत येते त्यांच्यासाठी हे आहे.

पाणी नुकतंच ओसरलं असेल तर आधी एवढं

मेन स्विच बंद झाल्याशिवाय आत पाय टाकू नका. मेनपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर स्वतः जाऊच नका, वीज बाहेरून तोडून घ्या. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी वाळवून पुन्हा वापरायचे नसतात, बदलायचे असतात. फ्रिज, वॉशिंग मशीन 'चालतंय का बघू' म्हणून लावून बघू नका. जनरेटर चालवायचा झाला तर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तळघर भरलं असेल आणि बाहेरची जमीन अजून पाण्याने फुगलेली असेल तर सगळं पाणी एका झटक्यात उपसू नका. बाहेरून मातीचा दाब आणि आतून आधार गेलेला, अशा वेळी भिंत आत येऊ शकते. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावं.

आणि काहीही हलवायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो तर नक्कीच, शेजारी मोजपट्टी धरून. विम्याला तो लागतोच, पण दोन महिन्यांनी 'पाणी नेमकं कुठवर चढलं होतं' हा प्रश्न तुम्हालाच पडणार आहे.

बुरशीला लागतं काय?

बुरशीचे बीजाणू घरात असतातच, पूर येवो न येवो. ते हवेत असतात, धुळीत असतात, कपड्यांवर असतात. त्यांचं खाणंही घरभर पसरलेलं असतं: कागद, लाकूड, वॉलपेपरचा डिंक, जुन्या रंगातले सेंद्रिय घटक, नुसती धूळसुद्धा. जे तापमान आपल्याला सुखाचं तेच त्यांनाही. यातलं आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी. भिजलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. भिंतीवरून थेंब ओघळायलाच हवेत असंही नाही. पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी तिला पुरतं.

बुरशी 'कुठल्या जातीची' आहे हे तपासून घ्यायच्या मागे लागू नका. काळी दिसली म्हणजे विषारीच असं रंगावरून ठरत नाही, आणि जात कळली तरी करायचं तेच असतं: पाणी थांबवा, काढून टाका, वाळवा. चाचणीचे पैसे ओल मोजायच्या यंत्रावर घाला.

ती बुरशीच आहे ना?

हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल, पण अर्धे लोक इथेच फसतात. पाण्यातून गेलेल्या भिंतीवर पांढरा, कापसासारखा भुगा फुटतो. भिंत वाळताना आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडून गेलं की पृष्ठभागावर उरतात. तो लोणा, बुरशी नव्हे. चिमटीत घेऊन चोळा: क्षार असतील तर बारीक पूड होते. पाण्याचा फवारा मारा: क्षार विरघळून दिसेनासे होतात, बुरशी नुसती ओली होऊन चप्प बसते. शिवाय क्षार फक्त वीट, सिमेंट, दगड यांवर फुटतात. लाकडावर, कापडावर किंवा चामड्यावर पांढरं काही आलं असेल तर ती बुरशी समजा.

लोणा दिसला तर घाबरू नका, उलट ती बातमी चांगली आहे. भिंत पाणी बाहेर टाकते आहे. कोरड्या ब्रशने झाडून टाका. धुऊ नका. धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतील आणि पुन्हा बाहेर येतील, तुमचं काम मात्र चालूच राहील.

पाणी तीन प्रकारचं असतं, तुमचं कुठलं?

परत येणाऱ्या बुरशीचं सगळं गणित या एका प्रश्नावर आहे. भिंतीत पुराचं जुनं पाणी अडकलं असेल, कुठून तरी नवीन पाणी येत असेल, किंवा भिंतीत काहीच नसून हवेतलं पाणी थंड भिंतीवर येऊन बसत असेल. तिन्हींचे ठिपके अगदी सारखे दिसतात आणि उपाय मात्र एकमेकांच्या उलट. हवेतल्या ओलीवर भिंत फोडून काही होणार नाही, आणि गळक्या पाइपवर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावला तर तो आयुष्यभर पाणीच भरत बसेल.

पहिली चाचणी अगदी फुकटातली आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन घ्या, ठिपके येतात तिथे भिंत पुसून कोरडी करा आणि फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने पक्कं लावा, कुठे फट ठेवू नका. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या चकचकीत बाजूवर दव जमलं असेल तर पाणी हवेतलं आहे. फॉइल सोलून काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही आजार आहेत, आणि पुरानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक घरांत असंच निघतं.

फरशीखालच्या कॉंक्रीटसाठी हाच प्रयोग जाड प्लास्टिकने करतात. साधारण १८ इंच चौरस तुकडा कडा सील करून चिकटवायचा आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. प्लास्टिकखाली थेंब जमले किंवा कॉंक्रीटचा रंग गडद झाला तर लाकडी फ्लोअरिंग किंवा व्हिनाइल अंथरायची वेळ अजून आलेली नाही. थेंब दिसले नाहीत म्हणजे सगळं आलबेल असं मात्र हा प्रयोग खात्रीने सांगू शकत नाही, तो फक्त 'थांबा' हे खात्रीने सांगतो.

दुसरी चाचणी ओल मोजायच्या मीटरची. दोन सुया असलेला साधा मीटर पुरतो. लाकडात सुया टोचल्या की तो ओलीची टक्केवारी सांगतो आणि तिच्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. भिंतीवर लावला की तोच आकडा नुसता इशारा असतो, कारण हा मीटर मुळात लाकडासाठी बनवलेला असतो आणि भिंतीतले क्षार वीज वाहून नेत असल्यामुळे तो फुगवून सांगतो. म्हणून आकड्याकडे बघू नका, आकड्याच्या चालीकडे बघा.

मी असं केलं. जी भिंत कधीच भिजली नव्हती तिच्यावर आधी पाच-सहा ठिकाणी आकडा घेतला. तो माझा 'कोरडा' आकडा. मग भिजलेल्या भिंतीवर जमिनीपासून एक वीत, दोन वीत, कमरेइतकं, छातीइतकं, अशा उंचीवर पेन्सिलने फुल्या मारल्या आणि दर रविवारी त्याच फुलीवर सुया टेकवून शेजारी तारीख-आकडा लिहीत गेलो. वहीत लिहिलं असतं तर वही हरवली असती. भिंत कुठे जात नाही, आणि रंग तर नंतर द्यायचाच होता.

चार-पाच आठवड्यांत भिंत स्वतःच बोलायला लागते. सगळ्या फुल्यांवर आकडा हळूहळू उतरतोय, वरचे आधी आणि खालचे मागाहून, तर जुनं पाणी निघतंय. धीर धरा. आकडा एका जागी अडला आणि महिनाभर हललाच नाही, तर कुठून तरी भर पडते आहे. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी चढतो, तर बाहेरच्या बाजूची भेग, खिडकीच्या खालचा सांधा किंवा बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच असणं, यांपैकी काहीतरी. पावसाशी संबंध नाही आणि ठिपका एखाद्या नळाच्या, न्हाणीच्या किंवा संडासाच्या ओळीत आहे, तर पाइप. त्यासाठी रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून ठेवा आणि सकाळी कुणीही पाणी वापरायच्या आत पुन्हा बघा. काटा हलला असेल तर प्लंबरला बोलवा, रंगाऱ्याला नव्हे. सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर तो मात्र या मीटरवर दिसत नाही. त्यासाठी न्हाणीघर दोन दिवस पूर्ण बंद ठेवून भिंतीवरचा आकडा बघावा लागतो.

पूर येऊन गेला की आपण सगळी ओल पुराच्या खात्यावर टाकतो. एखादा सांधा आधीपासून ठिबकत असतो आणि पुराच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. माझ्या तीन ठिपक्यांपैकी एक असाच निघाला, न्हाणीघराच्या उंबऱ्याखालचा. त्याचा पुराशी काडीचाही संबंध नव्हता.

खिडक्या उघडाव्यात की लावाव्यात?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. 'हवा खेळती ठेवा' हा सल्ला बरोबर आहे, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच.

उष्ण हवेत पाण्याची वाफ जास्त मावते. ३० अंशांना एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम मावते, २० अंशांना फक्त १७ ग्रॅमच्या आसपास. आता बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता आहे असं धरा. ही हवा साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी सुटतं. ओली भिंत खोलीपेक्षा थंड असते, कारण तिच्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. तिचा पायथा तर जमिनीला टेकलेला, आणखी थंड. म्हणजे दमट दिवशी खिडक्या उघडून तुम्ही भिंत वाळवत नाही आहात, तिला पाणी पाजता आहात. मी पहिले आठ दिवस नेमकं हेच केलं. बाहेर रिपरिप चालू, आत चारही खिडक्या उघड्या आणि मी समाधानात.

साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या, शक्यतो दोन, एक आत आणि एक बाहेर. स्वस्तातले हायग्रोमीटर दहा टक्क्यांनीही चुकीचे दाखवतात, म्हणून आधी पारखून घ्या. एका छोट्या झाकणात मीठ घेऊन ते भिजेल एवढंच पाणी घाला, विरघळू देऊ नका, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. तुमचा मीटर ७० दाखवत असेल तर तो पाचाने कमी सांगतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

मग नियम सोपा. बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल, म्हणजे तापमान सारखंच आणि आर्द्रता कमी, किंवा बाहेर चांगलं थंड आणि कोरडं, तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि पंखा बाहेरच्या दिशेने लावा. नसेल तर खोली बंद करा आणि डिह्युमिडिफायर चालवा. दाराखालची फट कापडाने बुजवा, नाहीतर तो सगळ्या घराची हवा ओढत बसेल. पाण्याची टाकी रोज ओतण्यापेक्षा नळी मोरीत सोडा, कारण रात्री टाकी भरली की यंत्र बंद पडतं आणि सकाळपर्यंत खोली होती तिथे येते. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवायची. ६० च्या वर राहिली तर वाळवणं सोडा, बुरशीच पोसली जाते.

डिह्युमिडिफायर मिळत नसेल तर एसी ड्राय मोडवर चालतो, पण त्यात एक गोम आहे. रात्रभर एसी लावून सकाळी बंद केला आणि लगेच खिडक्या उघडल्या तर थंडगार झालेल्या भिंतींवर बाहेरची दमट हवा येऊन बसते. बंद केल्यावर खोली तासभर तशीच राहू द्या. नुसता हीटर लावून खोली तापवणं सगळ्यात वाईट: पाणी भिंतीतून निघून हवेत येतं, बाहेर जायला वाट नसते आणि रात्री खोली गार झाली की तेच पाणी छतावर आणि कपाटांमागे जाऊन बसतं.

पंख्याबद्दल एक अट. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर तिच्यावर पंख्याचा झोत सोडू नका, बीजाणू घरभर उडतील. आधी ती काढा, मग पंखा.

वाळायला वेळ किती लागतो?

ऐकायला आवडणार नाही. बांधकामातला ढोबळ ठोकताळा असा की, चांगली परिस्थिती असेल तर भिंत किंवा कॉंक्रीट दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना घेतं. नऊ इंची विटांच्या भिंतीला हा हिशेब लावला तर अंगावर काटा येतो. दोन्ही बाजू उघड्या असतील आणि यंत्र चालू असेल तर वेळ बराच कमी होतो, तरी पंधरा दिवसांत रंगाला हात लावणं हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

वेळ कमी करायचा तर वाट मोकळी करा. वॉलपेपर काढा. ऑइल पेंट किंवा चकचकीत, धुता येणारा रंग असेल तर तो पाण्याला आतच कोंडतो, खरवडून काढा. स्कर्टिंग काढा. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा, जिथे पोकळ वाजेल तिथे गिलावा विटेपासून सुटलाय आणि मागे ओल साचते आहे, तो पाडा. भिंतीत बसवलेल्या कपाटांची पाठ काढा. मला सगळ्यात जास्त बुरशी तिथेच सापडली, प्लायवूड आणि भिंतीमधल्या बोटभर फटीत, जिथे ना उजेड ना हवा.

जिप्सम बोर्डाच्या भिंती किंवा पार्टिशन असतील तर वाळवत बसू नका. त्यांचा कागद म्हणजे बुरशीची मेजवानीच, आणि पाणी त्यांतून दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. पाण्याच्या रेषेच्या किमान फूटभर वरून आडवा काप घ्या आणि खालचा सगळा भाग टाकून द्या. आत काचलोकर किंवा तसलं भरण असेल तर तेही. आतला लाकडी सांगाडा उघडा राहील, त्याची ओल १५-१६ टक्क्यांखाली येईपर्यंत नवीन बोर्ड लावायचा नाही.

काढायचं कसं आणि टाकायचं काय

भिंतीवरची बुरशी एकंदर दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल, म्हणजे साधारण तीन बाय तीन फूट, तर घरी साफ करता येते. त्याहून जास्त असेल, किंवा पाण्यात मैला मिसळलेला असेल, तर हे काम करणाऱ्यांना बोलावलेलं बरं. घरात दमेकरी असेल, कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी असेल, तर त्यांना साफसफाई संपेपर्यंत दुसरीकडे ठेवा.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, बाजूंनी भोकं नसलेला गॉगल. कापडी रुमालाने बीजाणू अडत नाहीत. साबणाचं किंवा डिटर्जंटचं पाणी आणि ताठ ब्रश, एवढ्याने टाइल, काच, धातू, कडक प्लास्टिक आणि टणक रंगावरची बुरशी निघते. कोरडी घासू नका, आधी ओलसर करा म्हणजे उडणार नाही. आणि साफ करून झाल्यावर तो भाग त्याच दिवशी वाळवा. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, तो पुढून ओढतो आणि मागून बीजाणू बाहेर फेकतो. हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर असेल तरच.

ब्लीचवर लोकांचा फार विश्वास. टाइल आणि काचेवर ते काम करतं, चार लिटर पाण्याला एक कप, त्याहून जास्त नको. गिलावा, लाकूड, सिमेंट यांवर मात्र वरचा रंग उडतो, ठिपका गेल्यासारखा वाटतो आणि आतले धागे तसेच राहतात. वर त्या द्रावणातलं पाणी भिंतीत मुरतं ते वेगळंच. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी करतेच, म्हणजे मारून भागत नाही, घासून काढायलाच लागते. आणि ब्लीच कधीही अमोनियाच्या क्लीनरमध्ये, संडास धुवायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका. निघणारा वायू बंद न्हाणीघरात जीवघेणा ठरू शकतो.

टाकायचं काय यावर घरात भांडणं होतात, आमच्याकडेही झाली. गादी, उशा, सोफ्याचा फोम आणि गालिचे दोन दिवसांपेक्षा जास्त ओले राहिले असतील तर ते गेले. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफच्या कडा एकदा फुगल्या की परत बसत नाहीत, वाळले तरी भुसाच. सागवानी किंवा कुठल्याही भरीव लाकडाचं फर्निचर मात्र वाचतं, फक्त सावलीत सावकाश वाळवा, उन्हात ठेवलंत तर तडकेल. ड्रॉवर फुगून अडकले असतील तर ओढाताण करू नका, मागची फळी काढून आत हवा जाऊ द्या. कपडे गरम पाण्यात धुतले की बहुतेक निघतात. कागदपत्रं आणि फोटो लगेच वाळवता येत नसतील तर स्वच्छ पाण्याने हलकेच गाळ काढून, पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि तुम्हाला सवड होईल तेव्हा थोडे थोडे काढून वाळवता येतात. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका.

रंग कधी आणि कोणता

भिजलेल्या भिंतीचा आकडा कोरड्या भिंतीच्या आकड्याजवळ आला, दोन-तीन आठवडे तिथेच टिकला, आणि फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडं निघालं, की मग. रंगाऱ्याला घाई असते, त्याचं पुढचं काम थांबलेलं असतं, 'साहेब, वरून वॉटरप्रूफ मारून देतो' असं तो प्रेमाने म्हणतो. आतल्या बाजूने वॉटरप्रूफ लेप म्हणजे ओल्या भिंतीला रेनकोट घालणं. पाणी मागे साठतं, लेपाला फोड येतात आणि पोपडे सुटतात, किंवा ते लेप संपतो तिथून वर चढतं आणि ठिपके आणखी फूटभर उंचावर उगवतात. बुरशीरोधक रंगाचंही तेच. त्यातलं औषध रंगाच्या पापुद्र्यात असतं, आणि आतून पाणी ढकलत असेल तर पापुद्राच सुटून येतो. कोरड्या भिंतीवर, न्हाणीघरासारख्या ठिकाणी तो उपयोगी आहे, पण ओलीवरचा इलाज म्हणून नाही.

पहिलं वर्ष वाफ बाहेर सोडणारा रंग द्या, चुन्याचा किंवा साधा मॅट. दिसायला चकचकीत नसेल, पण भिंतीत काही उरलं असेल तर ते निघून जाईल. स्कर्टिंग सगळ्यात शेवटी. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, खालीही फट राहू द्या.

रंगानंतर ठिपका पुन्हा दिसलाच तर पुसायच्या आधी तो कुठे आला ते बघा. खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला किंवा कपाटामागे भिंतीच्या मध्यावर आला असेल तर बहुधा हवेतलं पाणी, हायग्रोमीटर बघा. जमिनीलगत सलग पट्ट्यासारखा आला असेल तर पाणी खालून चढतंय किंवा भिंत वाळण्याआधीच तुम्ही घाई केली. एकटाच गोल डाग, दिवसागणिक मोठा होणारा, कडेला पिवळसर: त्याच्यामागे पाइप आहे. माझा उंबऱ्याजवळचा डाग असाच होता, तळहाताएवढा, आणि प्लंबरने तिथे फोडलं तेव्हा सांध्यातून दर सात-आठ सेकंदांनी एक थेंब पडत होता.